कुत्र्याच्या ताटातले मांजर : गोदामाच्या राखणदाराचा आहार

बंगळूरुच्या वायव्येस, तुमकूर रस्त्यालगत पसरलेले पीण्या औद्योगिक क्षेत्र गेल्या शतकाच्या सत्तरीच्या दशकात उभे राहिले. आशियातील मोठ्या औद्योगिक वसाहतींमध्ये त्याची गणना होते. यंत्रभागांचे कारखाने, ओतशाळा, विद्युत साहित्याचे उद्योग आणि तयार कपड्यांच्या गिरण्या यांच्यामधोमध असंख्य लहानमोठी गोदामे आहेत. जेथे गोदाम आहे तेथे उंदीर-घुशी आहेत, आणि जेथे उंदीर आहेत तेथे मांजर आपोआप येते. फाटकाशी राखणीचे कुत्रे आणि आत पोत्यांच्या थप्पीवर मांजर हे चित्र अशा वसाहतींत नवे नाही.

बंगळूरुमध्ये २०२३ साली झालेल्या गणनेत भटक्या कुत्र्यांची संख्या सुमारे २ लाख ७९ हजार आढळली. २०२५ च्या जुलैमध्ये तेथील महानगरपालिकेने भटक्या कुत्र्यांना चिकन-भात देण्याची योजना जाहीर केली, तेव्हा देशभर त्याची चर्चा झाली. मांजराच्या आहाराचा विचार मात्र क्वचितच होतो. पहारेकरी कुत्र्यासाठी पिशवीतले कोरडे दाणेदार खाद्य ओततो, कुत्रे पोटभर खाऊन बाजूला होते आणि उरलेल्यावर मांजर ताव मारते. दोघांचे भागले असे सर्वांना वाटते. शेतावरील वाडा, सांगलीकडील हळदीचे कोठार किंवा लातूरकडील सोयाबीनची वखार येथेही थोड्याफार फरकाने हेच घडते. म्हणून कुत्र्याचे खाद्य मांजराला चालते काय, हा प्रश्न धान्यसाठ्याच्या रक्षणाशीही निगडित आहे.

एकदा खाल्ले तर विष नाही, रोज खाल्ले तर अन्न नाही

प्रश्नाचे थोडक्यात उत्तर असे की, निरोगी प्रौढ मांजराने एखाद्या वेळी कुत्र्याचे साधे कोरडे खाद्य खाल्ले तर त्याला अपाय होत नाही. परंतु तेच खाद्य महिनोन् महिने मुख्य आहार म्हणून मिळत राहिले तर मांजराची दृष्टी आणि हृदय या दोहोंना धोका संभवतो. पोट भरलेले असते, अंगावर केस असतात, वजनही फारसे घटत नाही. त्यामुळे हानी उघडकीस येते तेव्हा बराच उशीर झालेला असतो.

याचे मूळ दोन्ही प्राण्यांच्या इतिहासात आहे. कुत्रा माणसाच्या उष्ट्यावर वाढला. स्टार्च पचविणाऱ्या अमायलेज विकराच्या जनुकाच्या प्रती लांडग्यापेक्षा कुत्र्यात कितीतरी अधिक असतात, हे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखविले. भाकरी-भातावर कुत्रा तग धरू शकतो त्याचे हे एक कारण. मांजर माणसाजवळ आले ते धान्याच्या कोठारांमुळे, पण धान्य खाण्यासाठी नव्हे, तर धान्य खाणाऱ्या उंदरांसाठी. सायप्रस बेटावर सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीच्या दफनात माणसाशेजारी मांजर पुरलेले आढळले आहे. इतक्या दीर्घ सहवासानंतरही त्याची शरीररचना निव्वळ मांसाहाऱ्याचीच राहिली. मांजराला गोड चव कळतही नाही, कारण त्या चवीच्या ग्राहीचे एक जनुक त्याच्यात निकामी झालेले आहे.

मांजराला जे स्वतः घडविता येत नाही

पहिला घटक टॉरिन. गंधकयुक्त अमिनो आम्लांपासून कुत्रा सामान्यतः आपल्या यकृतात टॉरिन तयार करतो. मांजरात ही प्रक्रिया घडविणाऱ्या विकरांची क्रिया अतिशय मंद असते. शिवाय पित्तक्षार तयार करण्यासाठी मांजराला टॉरिनच लागते, त्यामुळे ते सतत खर्ची पडते. ही तूट केवळ प्राणिज आहारातून भरून निघते.

१९७५ साली अमेरिकेतील संशोधकांनी दाखवून दिले की टॉरिनच्या अभावी मांजराच्या दृष्टिपटलातील पेशी झिजतात. त्या प्रयोगात प्रथिनाचा स्रोत म्हणून दुधातील केसीन वापरले होते, ही बाब आपल्याकडील वाचकांनी विशेष लक्षात घ्यावी. १९७८ मध्ये तर कुत्र्याच्या तयार खाद्यावर पोसलेल्या मांजरांमध्येच दृष्टिपटलाची अशी झीज आढळल्याची नोंद प्रसिद्ध झाली. पुढे १९८७ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी टॉरिनची कमतरता आणि हृदयस्नायू ताणून दुर्बल होण्याचा विकार यांतील संबंध सिद्ध केला. हृदयाचा हा विकार वेळीच टॉरिन दिल्यास बहुतांशी सुधारतो. दृष्टिपटलाच्या मेलेल्या पेशी मात्र परत येत नाहीत.

दुसरा घटक जीवनसत्त्व अ. गाजर-भोपळ्यातील बीटा कॅरोटीनपासून कुत्रा हे जीवनसत्त्व बनवितो, मांजर बनवू शकत नाही. त्याला ते यकृतासारख्या प्राणिज पदार्थांतून तयार स्वरूपातच लागते. अॅराकिडॉनिक या मेदाम्लाचीही तीच गत आहे. ट्रिप्टोफॅनपासून पुरेसे नायसिन बनविण्याची क्षमताही मांजरात नाही.

तिसरी बाब प्रथिनांची. मांजराचे यकृत प्रथिनांचे विघटन सतत चालूच ठेवते, आहारात प्रथिने कमी झाली तरी तो वेग फारसा मंदावत नाही. म्हणूनच अमेरिकेतील प्रचलित मानकांनुसार प्रौढ कुत्र्याच्या खाद्यात कोरड्या भारावर किमान १८ टक्के प्रथिने पुरेशी मानली जातात, तर प्रौढ मांजरासाठी ती मर्यादा २६ टक्के आहे. वाढीच्या वयात हेच आकडे अनुक्रमे २२.५ आणि ३० टक्के आहेत. मांजराच्या कोरड्या खाद्यात किमान ०.१ टक्के आणि डबाबंद ओल्या खाद्यात ०.२ टक्के टॉरिन असावे लागते. कुत्र्याच्या खाद्यासाठी अशी किमान मर्यादाच नाही. पिल्ले आणि गाभण किंवा दूध पाजणारी मांजरी यांची गरज सर्वाधिक असल्याने त्यांना कुत्र्याच्या खाद्यावर ठेवणे सर्वांत घातक होय.

दूध-भाताचा गैरसमज

येथे आपल्याकडील रूढ समजुतीचाही विचार करणे आवश्यक आहे. मराठी घरात मांजर म्हटले की दूध-भात किंवा दुधात कुस्करलेली भाकरी आठवते. गाईच्या दुधात टॉरिन अत्यल्प असते, भात-भाकरीत ते जवळजवळ नसतेच. तरीही खेड्यातली मांजरे आंधळी का होत नाहीत? कारण ती उरलेला आहार स्वतः मिळवितात. उंदीर, पाली, नाकतोडे असे जे हाती लागेल ते मांजर खाते आणि अख्खा उंदीर हा टॉरिनचा उत्तम साठा असतो.

हे संतुलन बिघडते केव्हा? गोदामात विषारी आमिष टाकून उंदीर संपविले जातात, दारे-खिडक्या बंद केल्या जातात आणि मांजराला कुत्र्याच्या ताटाशिवाय पर्याय उरत नाही, तेव्हा. झिंक फॉस्फाइड किंवा ब्रोमॅडिओलोन यांसारखी उंदीरनाशके वापरली असतील, तर विष खाल्लेला उंदीर खाऊन मांजरालाच विषबाधा होण्याचा धोका वेगळाच. त्यामुळे आमिष ठेवण्याच्या काळात मेलेले उंदीर रोज सकाळी गोळा करून खोल पुरणे आणि मांजराला त्या भागापासून दूर ठेवून पुरेसे खाद्य देणे हे एकाच कामाचे दोन भाग समजावेत.

मांजर उपाशी ठेवले तरच शिकार करते, ही समजूतही खरी नाही. समोर आवडते अन्न असतानाही मांजर ते सोडून उंदराकडे धावते, त्याला मारते आणि पुन्हा अन्नाकडे परतते, असे प्रयोगांत दिसले आहे. इंग्लंडमधील शेतांवर चार्ल्स एल्टन यांनी केलेला आणि १९५३ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास याबाबत मार्गदर्शक आहे. आधीच बोकाळलेले उंदीर मांजरे संपवू शकत नाहीत, परंतु एकदा इमारती उंदीरमुक्त केल्या की त्या तशाच राखण्याचे काम मांजरे करतात, असा त्याचा निष्कर्ष होता. मांजरे इमारतींजवळ टिकावीत म्हणून त्यांना वरून दूध दिले जात असे. अर्थात पोसलेले मांजरच जागा धरून राहते आणि जागा धरून राहिलेले मांजरच उपयोगी पडते.

बिस्किटे आणि चघळण्याच्या कांड्या

कुत्र्यांना बक्षीस म्हणून देण्याचे पदार्थ वेगळ्या कारणांनी तपासावे लागतात. काही मऊसर पदार्थांत ओलावा टिकविण्यासाठी प्रोपिलिन ग्लायकॉल वापरतात. कुत्र्याला ते सोसते, मांजराच्या तांबड्या रक्तपेशींना ते इजा करते. म्हणूनच अमेरिकेत १९९६ पासून मांजराच्या खाद्यात त्याचा वापर निषिद्ध आहे. कांदा व लसूण यांची भुकटीही मांजराच्या रक्तपेशी फोडते आणि पंडुरोग उत्पन्न करते. वेष्टनावरील घटकांच्या यादीत यांपैकी काही आढळल्यास तो पदार्थ मांजराला मुळीच देऊ नये. कठीण कांड्या चघळण्याच्या प्रयत्नात दात तुटण्याची किंवा तुकडा घशात अडकण्याची भीती असते.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. मांजराचे खाद्य कुत्र्याने खाल्ले तर उपासमार होत नाही, पण त्यातील अधिक मेद व प्रथिनांमुळे कुत्रा स्थूल होतो आणि काही कुत्र्यांत स्वादुपिंडाचा दाह उद्भवतो.

पोत्यातले भुंगेरे आणि बुरशी

पिशवीतले दाणेदार खाद्य हे मुळात धान्य, पेंड व मांसचूर्ण यांचेच मिश्रण असल्याने साठवणुकीतील किडींना ते प्रिय असते. पिठातील तांबडा भुंगेरा, करवती भुंगेरा आणि हळदीच्या साठ्यावरही येणारा सिगारेट भुंगेरा उघड्या पिशवीत सहज वाढतात. तांबडा भुंगेरा क्विनोन वर्गाची उग्र रसायने सोडतो. त्याचा वास लागलेले खाद्य कुत्रे-मांजर टाळते आणि मालक त्याला नखरे समजतो. शिवाय अशी पिशवी धान्याच्या गोदामात ठेवली तर कीड तेथून थेट साठ्यात शिरते.

बुरशीचा प्रश्न अधिक गंभीर आहे. पशुखाद्यात मक्याचा वापर मोठा असतो आणि दमट मक्यावर ॲस्परजिलस फ्लेव्हस ही बुरशी अफ्लाटॉक्सिन निर्माण करते. २००५ च्या अखेरीस अमेरिकेत अफ्लाटॉक्सिनयुक्त खाद्यामुळे अनेक कुत्री दगावली आणि ते खाद्य बाजारातून परत घ्यावे लागले. बुरशीचा वास आलेले खाद्य उन्हात वाळवून वापरण्याचा मोह टाळावा. उन्हाने ओलावा जातो, विष राहते.

खाद्याइतकाच औषधाचा गोंधळ घातक

कुत्र्याचे ते मांजराचे, या सवयीचा सर्वांत जीवघेणा परिणाम खाद्यात नव्हे, तर पिसू-गोचिडांच्या औषधात दिसतो. कुत्र्यांच्या मानेवर थेंब टाकण्याच्या काही औषधांत परमेथ्रिनचे प्रमाण ४० टक्क्यांहून अधिक असते. हे कृत्रिम पायरेथ्रॉइड कुत्रा यकृतात निष्प्रभ करतो. मांजरात ग्लुक्युरोनिक आम्लाशी संयोग घडवून विषे बाहेर टाकण्याची यंत्रणा दुबळी असल्याने तेच औषध त्याच्या मज्जासंस्थेवर आघात करते. काही तासांत अंग थरथरू लागते, स्नायू फडफडतात, झटके येतात आणि मांजर दगावू शकते.

आपल्याकडे जनावरांच्या गोचिडांसाठी आणलेले डेल्टामेथ्रिन किंवा सायपरमेथ्रिनचे द्रावण उरले म्हणून मांजराला चोळले जाते. असे कदापि करू नये. नुकतेच औषध लावलेल्या कुत्र्याला मांजर चाटणार नाही, त्याच्याशेजारी झोपणार नाही, याचीही काळजी घ्यावी. अपघाताने औषध लागलेच तर कोमट पाणी व भांडी धुण्याचा सौम्य साबण यांनी अंग धुऊन, मांजर गार पडू न देता तत्काळ पशुवैद्यकाकडे न्यावे आणि औषधाची बाटली सोबत ठेवावी.

विस्तार कार्यकर्त्यांनी सांगावयाच्या गोष्टी

• मांजराला कुत्र्यापासून वेगळे, उंचावर खाऊ घालावे. ताट पाणी भरलेल्या परातीत ठेवल्यास मुंग्या लागत नाहीत. उरलेले अन्न अर्ध्या-एक तासात उचलावे, म्हणजे माश्या व झुरळे वाढत नाहीत.

• मांजराचे तयार खाद्य परवडत नसेल, तर कोंबडीचे काळीज, हृदय, मांडीचे मांस किंवा मासळी मीठ-मसाला, कांदा-लसूण न घालता शिजवून द्यावी. टॉरिन पाण्यात विरघळते, म्हणून शिजवलेले पाणी फेकू नये, तेही द्यावे. काळीज मात्र आठवड्यातून थोडेच द्यावे, अन्यथा जीवनसत्त्व अ अतिरिक्त होते. शिजवलेली हाडे देऊ नयेत.

• खाद्य बदलताना आठ-दहा दिवसांत हळूहळू बदलावे. दोन दिवस मांजराने काहीच खाल्ले नाही, तर वाट पाहू नये. उपासाने त्याच्या यकृतात मेद साचून गंभीर आजार होतो.

• खाद्याची पिशवी घट्ट झाकणाच्या डब्यात, जमिनीपासून वर आणि धान्यसाठ्यापासून दूर ठेवावी. महिनाभरात संपेल एवढीच खरेदी करावी.

• मांजर अंधूक प्रकाशात धडपडू लागले, बाहुल्या सतत विस्फारलेल्या दिसल्या, थोड्या हालचालीने धाप लागली किंवा शिकार थांबली, तर त्याच्या आहाराची चौकशी प्रथम करावी.

पीण्याच्या गोदामात असो वा गावच्या वखारीत, मांजर पगार मागत नाही आणि तक्रारही करीत नाही. अंधारात उंदराचा माग काढणे हे त्याचे काम असून त्यासाठी लागणारी दृष्टी त्याच्या ताटातून येते. कुत्र्याच्या उष्ट्यावर ती टिकत नाही. दिवसाकाठी मूठभर योग्य मांसाहार हा त्या दृष्टीचा खर्च आहे, आणि पोत्यांमागे होणाऱ्या नासाडीच्या तुलनेत तो अल्पच म्हणावा लागेल.