महाकाय प्राण्यांचे चित्रपट व संभवनीयतेचा प्रश्न

१९३३ साली पडद्यावर आलेल्या ‘किंग काँग’ ह्या अमेरिकन चित्रपटाबद्दल एक प्रश्न आजतागायत विचारला जातो. बेटावरील रहिवाशांनी काँग नावाच्या प्रचंड वानरापासून आपले रक्षण व्हावे म्हणून एक उत्तुंग तट उभारला आहे. मग त्याच तटाला, काँग सहज आत शिरू शकेल एवढा मोठा दरवाजा त्यांनी का ठेवावा? प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर चित्रपटात कोठेही मिळत नाही. तरीही नव्वदांहून अधिक वर्षे हा चित्रपट पाहिला जात आहे, आणि हा प्रश्न विचारणारेही तो पुनःपुन्हा पाहत आले आहेत. ज्यांना सोयीसाठी राक्षसपट म्हणता येईल अशा सर्वच चित्रपटांच्या बाबतीत हा अनुभव येतो. त्यांच्या संविधानकातील छिद्रे मोजणे हा अलीकडे एक लोकप्रिय छंद झाला आहे. ह्या छंदाला समीक्षा म्हणावयाचे की नाही, हा येथील प्रश्न आहे. त्याचे उत्तर केवळ करमणुकीच्या चित्रपटांपुरते मर्यादित राहत नाही. अद्भुताला वाङ्मयात कोणत्या अटीवर प्रवेश द्यावयाचा, हा जुनाच वाद त्याच्या पोटात आहे.

ह्या वादाचे एक सोपे उत्तर नेहमी दिले जाते. पन्नास मीटर उंचीचा प्राणी ज्याने एकदा मान्य केला त्याला बाकीच्या असंभाव्यतेविषयी तक्रार करण्याचा अधिकार उरत नाही, असे हे उत्तर. ते दिसते तितके निर्दोष नाही. अद्भुत मान्य करणे म्हणजे सर्व काही मान्य करणे नव्हे. पंचतंत्रातील सिंह बोलतो हे वाचक विनातक्रार स्वीकारतो. पण तोच सिंह एका पानावर धूर्त आणि दुसऱ्या पानावर कारणावाचून भोळा झाला, तर वाचक थबकतो. कोलरिजने १८१७ साली अविश्वासाच्या स्वेच्छेने केलेल्या स्थगितीची कल्पना मांडली, तिचा आधार ह्या प्रसंगी बहुधा घेतला जातो. परंतु टॉल्किनने परीकथांवरील आपल्या प्रसिद्ध व्याख्यानात तिच्यावर घेतलेला आक्षेप अधिक मार्मिक आहे. त्याच्या मते कथाकार एक दुय्यम विश्व निर्माण करतो. त्या विश्वाच्या नियमांना धरून जे घडते ते तेथे सत्यच असते, आणि अविश्वास मुद्दाम बाजूला सारावा लागला तर कला फसली असेच म्हटले पाहिजे. म्हणजे प्रेक्षकाने औदार्य दाखवावे अशी अपेक्षा नाही; कलाकृतीनेच त्याचा विश्वास कमवावा अशी आहे.

भारतीय साहित्यशास्त्रात ह्या प्रश्नाची चर्चा अधिक नेमकी झालेली आहे. ‘ध्वन्यालोका’च्या तिसऱ्या उद्द्योतात आनंदवर्धनाने प्रकृतीच्या औचित्याचा विचार केला आहे. केवळ मानव असलेल्या राजाने सप्तसमुद्र ओलांडल्याचे वर्णन कितीही वैभवशाली असले तरी ते नीरस होते, असे तो सांगतो. तेच कृत्य दिव्य प्रकृतीच्या पात्राला शोभते. अभिनवगुप्ताने रसास्वादाची जी सात विघ्ने सांगितली आहेत त्यांतील पहिले म्हणजे संभावनाविरह. जे घडणे शक्यच नाही असे वाटते, तेथे चित्त विसावा घेऊ शकत नाही. ह्या विघ्नावर त्याने सुचवलेला उपाय लक्षणीय आहे. लोकोत्तर कृत्य दाखवावयाचे असेल तर ते रामासारख्या प्रख्यात नायकाच्या ठायी दाखवावे, कारण दीर्घ प्रसिद्धीमुळे त्याच्याविषयीचा विश्वास लोकांच्या मनात आधीच रुजलेला असतो.

ह्या विवेचनाचा जपानी गोजिराशी, म्हणजे जगाला गॉडझिला ह्या नावाने परिचित असलेल्या प्राण्याशी, संबंध जोडणे प्रथमदर्शनी विनोदी वाटेल. पण गेली सात दशके एकाच नावाने एकामागून एक चित्रपट निघत राहिले आणि तो प्राणी आज पडद्यावरचा ‘प्रख्यात’ नायक झाला आहे. त्याचे वजन त्याच्या पायांना कसे पेलते, हा प्रश्न आज कोणालाही अडत नाही. ‘किंग काँग’च्या निर्मात्यांना ही सोय नव्हती; त्यांना आपला नायक शून्यातून प्रख्यात करावयाचा होता.

ते त्यांनी कसे साधले हे पाहण्यासारखे आहे. बेहोश झालेला काँग समुद्रकिनाऱ्यावर पडला आहे. त्याला जहाजापर्यंत नेण्यासाठी तराफा बांधण्याचा हुकूम सुटतो आणि पुढच्याच दृश्यात न्यूयॉर्कमधील नाट्यगृहाचे झगमगते दिवे दिसतात. एवढा प्राणी जहाजावर चढवला कसा, ठेवला कोठे, त्याला खाऊ काय घातले, ह्यांपैकी कशाचाही खुलासा नाही. ॲरिस्टॉटलने आपल्या काव्यशास्त्राच्या चोविसाव्या प्रकरणात जवळजवळ हेच उदाहरण घेतले आहे. निद्रिस्त ओडिस्यूसला इथाकेच्या किनाऱ्यावर उतरवून ठेवतात तो प्रसंग त्याला असंभाव्य वाटतो. सामान्य कवीच्या हाती तो असह्य झाला असता, पण होमरने इतर गुणांच्या मोहिनीने त्यातील विसंगती झाकून टाकली, असे तो म्हणतो. दोन्ही ठिकाणी छिद्र समुद्रप्रवासात आहे आणि दोन्ही ठिकाणी ते झाकले गेले आहे. १९७६ साली ह्याच कथेवर दुसरा चित्रपट निघाला, तेव्हा हे छिद्र बुजवण्यात आले. त्यात काँगला एका अजस्र तेलवाहू जहाजाच्या पोटात ठेवून आणलेले दाखवले आहे. व्यवस्था तर्कशुद्ध आहे. पण तिच्यामुळे त्या चित्रपटातील काँग अधिक खरा वाटू लागला असे म्हणण्याचे धाडस त्याच्या चाहत्यांनीही क्वचितच केले असेल. मूळ चित्रपटातील वानराची उंची बेटावर सुमारे अठरा फूट आणि न्यूयॉर्कमध्ये चोवीस फूट धरलेली आहे. हा बदल निर्मात्यांनी जाणूनबुजून केला, कारण गगनचुंबी इमारतींच्या शेजारी अठरा फुटांचा वानर केविलवाणा दिसला असता. प्रेक्षकाला प्रमाण हवे होते ते भयाचे आणि करुणेचे, आणि त्या प्रमाणात चूक झालेली नाही.

तथापि ॲरिस्टॉटलचीच एक दुसरी सूचना येथे विसरता कामा नये. अकिलीस हेक्टरचा पाठलाग करीत असता सारे सैन्य स्तब्ध उभे राहते, हे महाकाव्यात खटकत नाही. तेच रंगभूमीवर हास्यास्पद होईल, कारण तेथे करणारी माणसे डोळ्यांपुढे उभी असतात. चित्रपटात तर सर्वच दिसते, आणि खर्च जितका अधिक तितके अधिक स्पष्ट दिसते. १९५४ च्या गोजिरामध्ये रबरी पोशाख चढवलेला नट लहान आकाराच्या नगरातून चालत होता. त्या दृश्यात संकेताचा अंश होता आणि उरलेले प्रेक्षकाची कल्पनाशक्ती भरून काढीत होती. आज संगणकाच्या साहाय्याने प्राण्याच्या कातडीवरील प्रत्येक खवला, त्यावरून ओघळणारा प्रत्येक थेंब रेखाटला जातो. इतका काटेकोर वास्तवपणा ज्याने एका अंगाने मिरवला, त्याच्याकडून दुसऱ्या अंगानेही काटेकोरपणाची अपेक्षा केली जाणारच. महागड्या चित्रपटांतील छिद्रे अधिक टोचतात ती बहुधा ह्यामुळे.

पण कोणती छिद्रे टोचतात? स्पीलबर्गच्या १९९३ च्या ‘ज्युरासिक पार्क’मध्ये प्रचंड डायनोसोर ज्या जागी कुंपण तोडून सपाट जमिनीवर उभा राहतो, त्याच जागी थोड्याच वेळात खोल कडा उपटतो आणि मोटार त्यावरून खाली ढकलली जाते. ह्यापेक्षा ढोबळ विसंगती कल्पिणे कठीण आहे; पहिल्यांदा पाहताना ती फारच थोड्यांच्या लक्षात येते. आणखी एक विसंगती अधिक विचारात टाकणारी आहे. त्याच प्राण्याच्या पावलांनी पेल्यातील पाणी थरथरते हे चित्रपटाने स्वतःच ठसवले आहे. असे असता अखेरीस तो दिवाणखान्याएवढ्या बंदिस्त जागेत नायक-नायिकांना वाचवण्यासाठी निःशब्द अवतरतो. येथे भूगोलाचा नव्हे, चित्रपटाने स्वतः घालून दिलेल्या नियमाचा भंग आहे. टॉल्किनची कसोटी शब्दशः लावली तर मोहिनी येथे तुटावयास हवी. ती तुटत नाही, कारण ह्या चित्रपटाचा खरा नियम पाण्याच्या पेल्याचा नाही. माणसाने निर्माण केलेले जीवन माणसाच्या हुकमतीत राहत नाही, हा आहे. कोणीही न बोलावलेला प्राणी येतो, आणि माणसे वाचतात ती स्वतःच्या कर्तृत्वाने नव्हे. दोष आहेच, परंतु तो कथेच्या कातडीवर आहे.

ह्याच मालिकेतील २०१५ च्या ‘ज्युरासिक वर्ल्ड’मध्ये दोष कातडीच्या आत गेला आहे. नव्याने घडवलेला हिंस्र प्राणी पिंजऱ्यातून निसटला असावा अशा समजुतीने माणसे त्या पिंजऱ्यात शिरतात. प्राण्याच्या अंगात त्याचा ठावठिकाणा सांगणारे यंत्र बसवलेले आहे. नियंत्रणकक्षाला आधी विचारले असते तर तो आतच आहे हे तत्काळ कळले असते. विचारणा होते, पण माणसे आत गेल्यावर. ह्यावर असे म्हणता येईल की माणसे मूर्खपणा करतातच. खरे आहे, मूर्खपणा स्वभावातून आला तर त्याला छिद्र म्हणता येत नाही. ‘किंग काँग’मधील दिग्दर्शक डेनहॅम लोभापायी जे करतो ते अविचाराचे असले तरी त्याच्या स्वभावाचे आहे. येथे मात्र चित्रपट ज्याला प्राण्यांचा जाणता म्हणून पुढे करतो तोच पिंजऱ्यात उतरतो, आणि उतरतो तो केवळ पुढील दृश्ये घडावीत म्हणून. आनंदवर्धनाच्या भाषेत हे प्रकृतीचे अनौचित्य होय. राक्षसाची असंभाव्यता प्रेक्षक पत्करतो. माणसाची पत्करत नाही, कारण त्या साऱ्या पसाऱ्यात त्याच्या ओळखीचे असे माणूसच तेवढे असते.

छिद्रान्वेषणाची सर्वांत मोठी उणीव मात्र वेगळीच आहे. १९५४ चा ‘गोजिरा’ आणि त्याचे १९५६ चे अमेरिकन रूपांतर शेजारी ठेवले म्हणजे ती ध्यानात येते. इशिरो होंडाच्या मूळ चित्रपटात शास्त्रीय चुका कमी नाहीत. त्यातील पुराजीवशास्त्रज्ञ यामाने ज्युरासिक काल वीस लाख वर्षांपूर्वीचा असल्याचे सांगतो. भूविज्ञानाच्या हिशेबाने तो काल संपूनच सुमारे साडेचौदा कोटी वर्षे झाली. गोजिराच्या पाऊलखुणेत एक ट्रायलोबाइट सापडतो, आणि ती जात तर ज्युरासिकच्याही कितीतरी आधी नामशेष झाली होती. पण चित्रपटाच्या आरंभी समुद्रात पांढरा लखलखाट होऊन खलाशी होरपळतात, तेव्हा त्या वेळच्या जपानी प्रेक्षकाला कोणत्याही खुलाशाची गरज नव्हती. त्याच वर्षीच्या १ मार्चला बिकिनी बेटावरील हायड्रोजन बॉम्बच्या चाचणीची राख ‘दाइगो फुकुर्यू मारू’ ह्या मासेमारी नौकेवर पडली होती. तिच्या तेवीस खलाशांपैकी बिनतारी यंत्रचालक सप्टेंबरमध्ये मरण पावला, आणि चित्रपट नोव्हेंबरमध्ये प्रदर्शित झाला. त्यातील सेरिझावा हा शास्त्रज्ञ गोजिराला मारू शकणारे अस्त्र शोधून काढतो. पण ते एकदा वापरले की राज्यकर्ते त्याचे उत्पादन केल्याशिवाय राहणार नाहीत, ह्या भीतीने तो आपले कागद जाळतो आणि अस्त्रासह समुद्रतळाशी स्वतःही मरण पत्करतो. कागद जाळून भागत नाही, कारण ज्ञान डोक्यातही असते. चित्रपटाचे सारे संविधानक ह्या एका अनुमानावर तोललेले आहे, आणि त्यात तिळाएवढेही छिद्र नाही. शेवटी यामाने म्हणतो की अणुचाचण्या चालू राहिल्या तर असा दुसरा प्राणी पुन्हा उद्भवेल.

अमेरिकन आवृत्तीत एका अमेरिकन वार्ताहराची भूमिका नव्याने चित्रित करून मध्ये बसवण्यात आली. रेमंड बर ह्या नटाने ती केली आहे. कथासूत्र जवळजवळ तसेच राहिले आणि वार्ताहराच्या निवेदनामुळे काही ठिकाणी अधिक सुगमही झाले. मात्र बॉम्बविषयीची चर्चा पुष्कळशी कापली गेली आणि यामानेचा शेवटचा इशारा तर नाहीसाच झाला. त्याऐवजी जग आता पुन्हा निर्धास्तपणे जगू शकेल असे निवेदक सांगतो. भाषांतराच्या व्यवसायात ज्यांचे आयुष्य गेले आहे त्यांना हा प्रकार अनोळखी वाटणार नाही. वाक्य व्याकरणशुद्ध असते, घटनाक्रम अबाधित असतो, आणि मूळ लेखकाला जे म्हणावयाचे होते तेवढेच नेमके गळून पडलेले असते. छिद्रे मोजणाऱ्याच्या वहीत ह्या दोन चित्रपटांना सारखेच गुण मिळतील. कदाचित दुसऱ्याला थोडे अधिक.

२०२३ सालच्या ताकाशी यामाझाकीच्या ‘गॉडझिला मायनस वन’मध्ये हे सर्व प्रश्न एकत्र आले आहेत. हा चित्रपट हॉलिवूडच्या मानाने अल्प खर्चात झाला आणि तरीही दृश्य-परिणामांचे ऑस्कर पारितोषिक त्याने मिळवले. युद्धोत्तर जपानवर संकट आले असता तेथे तळ देऊन असलेली अमेरिकन सेना स्वस्थ का बसते? रशियाशी वाढलेल्या तणावाचे कारण एका-दोन वाक्यांत सांगून चित्रपट पुढे जातो. खुलासा तोकडा आहे. पण सरकारने वाऱ्यावर सोडलेली, युद्धात हरलेली माणसे स्वतःहून एकत्र येतात हाच कथेचा विषय असल्यामुळे तो तोकडेपणा खपून जातो. आत्मघातकी हल्ल्याच्या कामगिरीतून माघारी फिरलेला शिकिशिमा अखेरीस आपले विमान गॉडझिलावर घालतो आणि वाचतो, तेही चालते. विमानातून चालकाला बाहेर फेकणाऱ्या बैठकीची सोय दुरुस्ती करणाऱ्या त्याच्या जुन्या वैऱ्याने केलेली आहे, आणि ती करताना त्याने जे क्षमादान केले ते यंत्राहून महत्त्वाचे आहे.

नोरिकोचे प्रकरण मात्र इतके सहज सुटत नाही. गिन्झामधील स्फोटाचा झोत तिला शिकिशिमाच्या डोळ्यांदेखत उडवून नेतो. तिच्या मृत्यूच्या शोकावरच चित्रपटाचा उत्तरार्ध उभा आहे. शेवटी ती रुग्णालयात जिवंत सापडते. तिच्या मानेवर एक काळसर डाग सरकताना दिसतो, आणि गॉडझिलाच्या पुनरुज्जीवनाच्या शक्तीचा काही अंश तिच्यात उतरला असावा असे त्यावरून कित्येकांनी अनुमान केले आहे. अनुमान चतुर आहे आणि त्याने छिद्र बुजते. पण ज्या शोकाने शिकिशिमाला मरणाच्या दारापर्यंत नेले आणि तेथून जगण्याकडे वळवले, तो शोक निराधार होता असे कळल्यावर प्रेक्षकाने त्याचे काय करावयाचे? त्या काळ्या डागात ह्याचे उत्तर नाही.