दशावतारातील खलपुरुष

कोकणातील दशावतारी नाटकाला परंपरेने लिखित संहिता नसते. प्रयोगापूर्वी मंडळीतील जाणकार कथानक सांगतो. संवाद मात्र नटांनी रंगभूमीवर ऐन वेळी रचावयाचे असतात. म्हणूनच दुष्टाची भूमिका अवघड. कंस नुसताच गरजला, तर लहान मुलेही हसतील. देवकीचा आठवा पुत्र आपला काळ ठरणार, ही आकाशवाणी त्याने ऐकली आहे. ते भय त्याच्या बोलण्यातून डोकावले, म्हणजे बहिणीचा रथ हौसेने हाकणारा भाऊ तिच्यावरच खड्ग का उपसतो, ते कळते. त्याने बिनतोड प्रश्न केला, तरच वसुदेवाला खरे उत्तर शोधावे लागते. संकासुराची तऱ्हा निराळी. वेद चोरणारा हा काळ्या वेषातील असुर मालवणीत बोलून प्रेक्षकांना मुद्दाम हसवितो आणि अखेर विष्णूच्या हातून मारला जातो.