बुजुर्ग रात्री अचानक बडबडू लागले तर? डिलिरियम आणि त्याची औषधे

आमच्या अब्बांच्या खुब्याचे ऑपरेशन झाले तेव्हाची गोष्ट. ऑपरेशन व्यवस्थित पार पडले, दुसऱ्या दिवशी त्यांनी चहा मागून घेतला. तिसऱ्या रात्री दोन वाजता मात्र सलाईनची सुई उपटून काढली आणि "दार उघडा, बैल सुटलेत" म्हणून ओरडू लागले. मरहूम चाचांना हाका मारत होते, आम्हाला ओळखत नव्हते. फोनवर खाला म्हणाल्या, असर झालाय, पाणी दम करून आणा. शेजारच्या खाटेवरच्या पेशंटचा मुलगा म्हणाला, डोक्यावर परिणाम झाला.

दोन्ही नव्हते. याला डॉक्टर डिलिरियम म्हणतात. जुनी माणसं 'वात झाला' म्हणायची, तेच हे. शरीरात कुठेतरी बिघाड होतो आणि मेंदू गोंधळतो. जंतुसंसर्ग, लघवी तुंबणे, बद्धकोष्ठ, रक्तातले सोडियम उतरणे, वेदना, एखादी नवी गोळी, झोप नसणे, यातले काहीही कारण असू शकते. स्मृतिभ्रंश वर्षांवर्षांनी वाढतो; हे काही तासांत येते. सकाळी माणूस नीट बोलतो, मगरिबनंतर पुन्हा बिघडतो. याचा एक गप्प प्रकारही आहे. बुजुर्ग नुसते पडून राहतात, जेवत नाहीत, आणि घरच्यांना वाटते आराम चाललाय. तोच जास्त नजरेतून सुटतो. दुआ करावीच, पण डॉक्टरांना त्याच रात्री सांगावे.

त्या रात्री इंजेक्शनची गोष्ट निघाली. आम्ही विचारले, "दिल्यावर बरे होतील ना?" डॉक्टर म्हणाले, "शांत होतील." या दोन शब्दांतला फरक आम्हाला नंतर वाचल्यावर कळला.

सर्वात जुने औषध हॅलोपेरिडॉल, १९५८ साली बेल्जियममध्ये शोधलेले. त्याने अंग ताठरते, हात कापतात, हृदयाचे ठोके बिघडू शकतात, म्हणून ईसीजी बघतात. नंतर रिस्पेरिडोन, ओलान्झापिन, क्वेटियापिन आली. ओलान्झापिन आणि क्वेटियापिनने गुंगी जास्त येते, उभे राहताना बीपी उतरून माणूस पडू शकतो. पार्किन्सन असलेल्या पेशंटला हॅलोपेरिडॉल टाळतात, औषध लागलेच तर क्वेटियापिन थोड्या डोसमध्ये देतात. म्हणजे निवड होते ती मुख्यतः साइड इफेक्ट बघून. डिलिरियम बरा करण्यात यातले एक दुसऱ्यापेक्षा सरस आहे, असे काही सिद्ध झालेले नाही.

मग औषध न देण्यापेक्षा तरी ते बरे का? अमेरिकेत आयसीयूतल्या ५६६ पेशंटांवर अभ्यास झाला, तो २०१८ मध्ये छापला गेला. काहींना हॅलोपेरिडॉल, काहींना झिप्रासिडोन, काहींना नुसते सलाईन. डिलिरियम किती दिवस राहिला यात फरक पडला नाही. ऑस्ट्रेलियात आयुष्याच्या शेवटच्या टप्प्यातल्या २४७ पेशंटांचा अभ्यास २०१७ मध्ये आला. तिथे हॅलोपेरिडॉल किंवा रिस्पेरिडोन घेणाऱ्यांचा त्रास उलट जास्त निघाला. शिवाय स्मृतिभ्रंश असलेल्या वृद्धांमध्ये या औषधांनी मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध खात्याने २००५ मध्ये नव्या आणि २००८ मध्ये जुन्या औषधांबद्दल दिलेला आहे.

तरीही इंजेक्शनला सरसकट नाही म्हणू नये. पेशंट नळ्या उपटतोय, खाटेवरून उडी मारतोय, भीतीने थरथरतोय, अशा वेळी थोडा डोस, थोडे दिवस, रोज तपासून, हे रास्त आहे. आणि एक नाजूक गोष्ट. दारू अचानक सुटल्यामुळे डिलिरियम झाला असेल तर मुख्य औषध वेगळे असते. आपल्याकडे ही गोष्ट शरमेने लपवली जाते, अगदी डॉक्टरांपासूनसुद्धा. ती लपवल्याने जीव जाऊ शकतो. बाजूला घेऊन सांगा, पण सांगा. रोजची झोपेची गोळी बंद झाली असेल तर तेही सांगा.

अब्बांची लघवी तुंबली होती. ती मोकळी केली, दुखण्याची एक गोळी बदलली. आणि त्यांचा चष्मा आणि कानाचे मशीन कुठे होते? आमच्याच पिशवीत! हरवू नये म्हणून आम्हीच जपून ठेवलेले. अमेरिकेत शेरॉन इनौये यांनी १९९९ मध्ये दाखवले की चष्मा, कानाचे मशीन, पुरेसे पाणी, रात्रीची झोप, थोडे चालवणे, आज वार कोणता हे सांगत राहणे, एवढ्यानेही डिलिरियम कमी होतो. ८५२ वृद्धांत तो १५ टक्क्यांवरून ९.९ टक्क्यांवर आला. हे काम घरचेच उत्तम करतील. फक्त भेटायला पंधरा माणसे एकदम नकोत. आपल्याकडे ही सवय मोठी. रात्री ओळखीचे एकच माणूस बसावे, घरच्या बोलीत बोलावे. आम्ही दखनीत बोललो तेव्हा अब्बा जरा निवळले. बैल नाहीत म्हणून हुज्जत घालू नये, "बांधलेत, झोपा" म्हणावे.

घरी जाताना डिस्चार्ज कार्ड मात्र नीट वाचा. आमच्या कार्डावर क्वेटियापिन होती आणि किती दिवस घ्यायची ते लिहिलेच नव्हते. अशी गोळी महिनोन्‌महिने चालू राहते. आम्ही विचारले, "ही कधी बंद करायची?" डॉक्टरांनी तारीख घातली. आपल्या मनाने मात्र ती बंद करू नका.