डोंगराआडची रेंज

३० जुलै २०१४ च्या सकाळी आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर डोंगर कोसळला. १५१ माणसे गेली. गाव नाहीसे झाल्याची खबर बाहेर पोचली ती नेहमीच्या फेरीवर आलेल्या एसटीच्या चालकामुळे. सह्याद्रीच्या कुशीतल्या वाड्यांना रेंज कशाला हवी, हे सांगायला दुसरे उदाहरण नको.

जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात हिंडताना वाटाड्यांनी मला घाटवाटांइतक्याच ‘रेंजच्या जागा’ही दाखवल्या: कुठे खिंड, कुठे एखादा कातळ. मोबाइलच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात. डोंगराच्या धारेवरून त्या थोड्या खाली वळतात, पण लहर जितकी आखूड तितकी कमी वळते. म्हणून धारेमागे सावली पडते.

ही सावली उजळण्याचा कमी खर्चाचा उपाय म्हणजे रिपीटर. एक अँटेना टॉवरचा क्षीण संदेश पकडतो, यंत्र तो वाढवते, दुसरा अँटेना दरीत सोडतो. फोनचा संदेश उलट वाटेने जातो. फ्रिक्वेन्सी तीच राहते, आणि खोड तिथेच आहे. कीर्तनात माइक कर्ण्यासमोर आला की शिट्टी उठते, तसेच इथे होते. दरीत सोडलेला संदेश पहिल्या अँटेनात परतला की पुन्हा वाढतो, पुन्हा परततो. ६० डेसिबल वाढ म्हणजे शक्ती दहा लाख पट. त्यासाठी दोन अँटेनांमध्ये सुमारे ७५ डेसिबलचा आडोसा लागतो, म्हणजे परतणारी शक्ती तीन कोटींनी भागली जावी. हा आडोसा डोंगरच देऊ शकतो: एक अँटेना धारेच्या अलीकडे, दुसरा पलीकडे. रेंज अडवणाराच ती आणायला मदत करतो.

शिट्टी घालणारा बूस्टर मूळ टॉवरलाच बहिरा करतो. म्हणून परवानाधारक कंपनीखेरीज कुणी रिपीटर बसवणे बेकायदा आहे. जुन्नर तालुक्यात तर आणखी एक कान आहे. खोडदची जीएमआरटी ही ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची रेडिओ दुर्बीण. रेडिओ गोंगाट कमी, हे ही जागा निवडण्याचे एक कारण होते. ती साधारण १५० ते १४५० मेगाहर्ट्झदरम्यानच्या काही पट्ट्यांत ऐकते. मोबाइलचे ८०० आणि ९०० चे पट्टे याच पल्ल्यात येतात.

शेवटी एक गोष्ट विसरू नये. रिपीटर रेंज निर्माण करत नाही, उसनी आणतो. मूळ टॉवर बंद पडला की दरीही मुकी होते. त्यामुळे पावसाळ्यापूर्वी ग्रामसभेत ‘रेंज आहे का’ एवढेच विचारून भागणार नाही; ‘वीज गेल्यावर ती किती तास टिकते’ हेही विचारले पाहिजे.