नोकरीचा बायोडाटा : जमीन पाहून पीक, जागा पाहून अर्ज

परीक्षांचे निकाल लागले की तालुक्याच्या झेरॉक्स दुकानात मुलांची रांग लागते. दुकानदाराकडे तयार नमुना असतो. नाव-पत्ता बदलायचा, वीस प्रती काढायच्या आणि बियाणे कंपनीपासून दूध संघापर्यंत तोच कागद वाटत सुटायचे. त्यात उंची, वर्ण, मामाचे गाव असते. पोराला येते काय, तेवढेच नसते. हा लग्नाचा बायोडाटा झाला, नोकरीचा नव्हे.

सरकारी भरतीसाठी जाहिरातीत सांगितलेल्या नमुन्यातच अर्ज करावा. तेथे आपला बायोडाटा चालत नाही. खासगी नोकरीसाठी मात्र तीन पद्धती आहेत.

कालक्रमाची पद्धत : सर्वांत अलीकडची नोकरी आधी, जुनी नंतर. सलग नोकरी केलेल्याला ही उत्तम. नुकत्याच पास झालेल्याने ही वापरली तर कागद कोराच दिसतो.

कौशल्याची पद्धत : काय काय येते ते आधी, तारखांना महत्त्व कमी. मात्र वर्षे सापडली नाहीत की साहेबाला शंका येते, गडी काहीतरी लपवतोय.

मिश्र पद्धत : वर चार-पाच कौशल्ये, खाली शिक्षण व काम वर्षांसह. कृषी पदविका घेऊन दोन-तीन वर्षे घरची शेती केलेल्या मुलांना हीच सोयीची.

कारण आपली पोरे इथेच मार खातात. 'सध्या काय करतोस?' विचारले की मान खाली घालून 'घरीच असतो' म्हणतात. अहो, शेती हे काम नाही का? ती वर्षे कागदावर मांडा. उदाहरणार्थ : '2022 ते 2024, घरची 4 एकर शेती. 2 एकर डाळिंबाचे ठिबक, विद्राव्य खते व फवारणीचे वेळापत्रक सांभाळले. मजुरांचा हिशेब ठेवला.' 'मी मेहनती व प्रामाणिक आहे' या ओळीपेक्षा याला वजन जास्त. पण केले तेवढेच लिहा. 'सॅण्ड फिल्टर बॅकवॉश कधी करता?' एवढ्या एका प्रश्नात खोटे उघडे पडते.

नवख्याला एक पान पुरे. दहावीच्या प्रमाणपत्रावर आहे तसेच नाव लिहा. चालू असलेला फोन नंबर द्या. जात, धर्म, वडिलांची जमीन यांची गरज नाही. टपालाने मूळ कागद पाठवू नका, साक्षांकित प्रती मागितल्या तर त्याच द्या. आणि नोकरी लावतो म्हणून कोणी पैसे मागितले तर एक रुपयाही देऊ नका.

सरपंच व ग्रामपंचायतीच्या मंडळींना विनंती : भरतीच्या जाहिराती फलकावर लावा आणि गावातल्या एखाद्या गुरुजींना पोरांचे कागद तपासायला बसवा. पेरणीआधी आपण बियाणे निवडून घेतो. अर्ज टाकण्याआधी कागदही तसाच निवडून घ्यावा.