मासे काकांचे, पोटं माझी

पहाटे ५. आंबिवलीच्या फलाटावर आम्ही कसारा लोकलची वाट पाहत उभे. काकांच्या हातात गळ आणि ओल्या मातीने भरलेल्या डब्यात गांडुळं. माझ्या पिशवीत बर्फ, बाटल्या आणि थोडं फॉर्मॅलिन. काका मोहन्याच्या एन.आर.सी.त कामाला होते. २००९ मध्ये कंपनी बंद पडली आणि रविवारचा गळ रोजचा झाला. मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतो. आमचा करार साधा आहे: मासे त्यांचे, पोटं माझी. मासा काय खातो हे पुस्तकात सापडतं. या नदीत, या महिन्यात, या वेळेला काय खातो ते मात्र आतडं उघडल्याशिवाय कळत नाही.

६ वाजता. टिटवाळा मागे टाकून खडवलीला उतरलो. भातसा धरणातलं मुंबईचं पाणी पिसे बंधाऱ्यापर्यंत इथल्या भातसा नदीतूनच येतं, म्हणून ही नदी भर मे महिन्यातही वाहती असते. काकांनी ओळखीच्या एकाकडून रात्री गऱ्या लावून घेतल्या होत्या. त्या ओढल्या, तर एक वाम आणि दोन शिंगट्या. दोघंही रात्रपाळीवाले. शिंगटी मिश्यांनी तळ चाचपत फिरते, तिला डोळ्यांचं फारसं काम पडत नाही. वाम दिवसा दगडाखाली किंवा वाळूत शिरून बसते आणि अंधार पडला की अळ्या, गांडुळं, कोळंबी शोधत निघते. यांची पोटं पहाटेच राखून ठेवावी लागतात. मासा मेला तरी पोटातले पाचक रस थांबत नाहीत, दुपारपर्यंत आत नुसता लगदा उरतो. म्हणून आधी बर्फ, मग चहा.

७.३०. पाण्यावर चिलटांचे थवे. अंगावर काळा पट्टा असलेले बोटभर मासे वर येऊन टिपतात आणि गोल उमटवून जातात. डोक्यावर पांढरा चमकता ठिपका असलेला एक छोटा मासा काठाच्या गवताशी टपलेला असतो. त्याचं तोंड वरच्या बाजूला उघडतं, म्हणजे जेवण वरूनच पडणार हे ठरलेलं. माशाचं तोंड पाहिलं की निम्मा अभ्यास होतो: तोंड वर असेल तर किडे, समोर असेल तर शिकार किंवा मिळेल ते, खाली असेल तर तळ.

काका गांडूळ काढून नाकतोडा लावतात. “मास्तर, पोरांना जेवायला बोलवायचं तर त्यांच्या आवडीचं नको का?”

१०.३० ते १२. दिवसातला माझा सगळ्यात आवडता वेळ. ऊन पाण्याच्या तळापर्यंत उतरतं आणि दगडांवर मळ्या चरायला येतो. कर्नल साइक्सने दख्खनच्या माशांचं वर्णन लिहिलं, त्यात १८३९ मध्ये याला शास्त्रीय नाव देतानाही त्याने आपलं ‘मळ्या’च ठेवलं. याचं तोंड डोक्याच्या खालच्या बाजूला, ओठाखाली चिकटून राहायला चकती. धार कितीही असो, हा दगडाला धरून राहतो आणि वरचा शेवाळाचा पातळ थर खरवडतो. गुडघाभर पाण्यात उभं राहून नीट पाहिलं तर काळ्या कातळावर बोटाच्या पेराएवढे फिकट डाग दिसतात. ते त्याच्या ओठांचे. थोड्या दिवसांत तो थर पुन्हा धरतो, पण त्याला ऊन लागतं. ही अट ध्यानात ठेवा, संध्याकाळी कामाला येईल.

दुपारी १. सहलीची मंडळी उतरली. चिवडा, पाव, उरलेला भात, सगळं पाण्यात. खवली माशांची झुंबड उडते आणि मंडळींना पुण्य लागल्यासारखं वाटतं. न खाल्लेला पाव तळाशी कुजतो आणि माशांनाच लागणारा प्राणवायू खातो. काका गळ गुंडाळतात. आम्ही परत फिरतो.

३ वाजता. घरचं टेबल, वर्तमानपत्र, कात्री, चिमटा. बायको खिडक्या उघडते, बोलत काही नाही.

आधी मळ्या. पोटाला चीर दिली की आतडं बाहेर येतं ते चकलीसारखं वेटोळं. सोडवत गेलं की माशाच्या लांबीच्या कितीतरी पट. रोहू, खवली, मळ्या या कार्प कुळाला जठर नसतंच, जबड्यात दातही नसतात, दात घशात. वनस्पती पचवायची तर वाट लांब हवी. आतला हिरवट-तपकिरी लगदा काचपट्टीवर घेतला की सूक्ष्मदर्शकाखाली डायॅटम दिसतात, वाळूच्याच द्रव्याची कोरीव कवचं असलेलं एकपेशी शेवाळ. मासा गेला, पचन झालं, तरी ती कवचं शाबूत असतात.

मरळ याच्या उलट. आतडं आखूड, पण जठर ऐसपैस, आणि आज त्यात अख्खी बेडकी.

काचेसारखा पारदर्शक मासा मी मुद्दाम शेवटी ठेवतो. बिचारा दिसतो, पण पोटात काय? दुसऱ्या माशांची खवलं. शेजाऱ्याला जाता जाता कुरतडून जगायचं. अशी पोटं पाहिली की साधेपणावरचा विश्वास उडतो.

५.३०. मोहन्याकडे, उल्हासच्या काठावर. पाणी दिसत नाही, केंदाळ दिसतं. त्यातल्या एका फटीत काका पिठाची गोळी सोडतात आणि लगेच चिलापी लागते. चिलापी म्हणजे तिलापिया, भारतात १९५२ मध्ये आणलेला. तो शेवाळ खातो, चिखल खातो, इतरांची अंडी आणि पिल्लंही खातो, म्हणून कुठेही टिकतो. आज एका मादीचं पोट रिकामं निघालं. कारण तोंड उघडल्यावर सापडलं: ते अंड्यांनी भरलेलं होतं. अंडी तोंडात उबवत असताना ती जेवत नाही. उरलेल्यांच्या पोटात करडा गाळ आणि लाल अळ्या. या अळ्यांच्या रक्तात हिमोग्लोबिन असतं, त्यामुळे प्राणवायू जवळपास संपलेल्या चिखलातही त्या जगतात. पोटात नुसत्या त्याच निघाल्या, तर तळाची अवस्था वेगळी सांगायला नको.

आता सकाळची ती अट. केंदाळाखाली ऊन पोचत नाही. ऊन नाही तर दगडावर शेवाळ धरत नाही, आणि ते नाही तर मळ्याला चारा नाही. पाणी नुसतं मोजून हे कळत नाही. यंत्रं लावून केंदाळ काढतात, ते काढायलाच हवं. पण सांडपाण्यातल्या नायट्रोजन-फॉस्फरसवर ते वाढतं, आणि सांडपाणी नदीत येत राहिलं तर दुसऱ्या हंगामात ते पुन्हा हजर. हे मी रागाने म्हणत नाही, झाडाला खत मिळालं की ते वाढतं एवढंच.

७.३०. अंधार पडला. शिंगट्यांची पाळी सुरू झाली असेल. काका उरलेली गांडुळं काठच्या मातीत सोडतात, मी वहीत शेवटची नोंद करतो.

तुम्हाला सूक्ष्मदर्शक लागणार नाही. नदीचा मासा घरी आणलात तर साफ करताना आतडी थेट कचऱ्यात टाकू नका. ताटलीत घेऊन कात्रीने उघडा आणि पाहा: हिरवं आहे, किड्यांचे पंख आहेत, करडा गाळ आहे की प्लास्टिकचा धागा. मासा कुठला आणि कोणत्या महिन्यातला, ते शेजारी लिहून ठेवा.