५५ मिलिमीटर

आमच्या जिन्यात तीन दिवस मोटरसायकलचा एक चिमटा भिंतीला टेकून उभा होता. चिमटा म्हणजे स्विंगआर्म; मागचं चाक ज्या दोन हातांमध्ये धरलेलं असतं तो भाग. वरच्या मजल्यावरच्या पोराने तो कुठूनसा जुना विकत आणला होता. वर्तमानपत्रात गुंडाळलेला, पण कागद फाटून एका बाजूचं ॲल्युमिनियम उघडं पडलं होतं आणि त्यावर वीतभर लांब ओरखडा होता. नुसतं खरचटलेलं नव्हतं. धातू खरवडला जाऊन कडेला गोळा झालेला, डांबरावर घासत गेल्यावर होतो तसा. येता-जाता माझं बोट त्यावरून फिरायचं. कुणाची तरी गाडी पडली होती, आणि तिचा हा भाग आता दुसऱ्या कुणाला तरी पाठीवर घेऊन धावणार होता.

पोराला म्हटलं, "बसवायला जाशील तेव्हा मला ने."

"काकू, अख्खा दिवस जातो त्यात."

"जाऊ दे."

त्याची गाडी यामाहाची आर१५, अगदी पहिली. ही गाडी आपल्याकडे २००८ मध्ये आली. इंजिन १४९.८ सीसीचं, पाण्याने थंड होणारं. पोरं तिच्यावर खूश होती, फक्त मागचं चाक बारीक म्हणून हळहळायची. टायर होता १००/८०चा. २०११ मध्ये दुसरी आवृत्ती आली तेव्हा टायर १३०/७० झाला, लोखंडी चिमटा जाऊन ॲल्युमिनियमचा आला आणि दोन चाकांमधलं अंतर १२९० मिलिमीटरवरून १३४५ वर गेलं. तेव्हापासून जुन्या गाडीला हा नवा चिमटा लावायचा नाद सुरू झाला, तो अजून आहे.

कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात, दोन लेथच्या दुकानांच्या मध्ये मिस्त्रींचं गॅरेज. पन्नाशी ओलांडलेला माणूस. मला बसायला स्टूल दिलं, चहा सांगितला आणि म्हणाले, "ताई, पोरं टायर बघत्यात. मी ५५ बघतो. ५५ मिलिमीटर लांब हुतीया गाडी. ते ज्याला झेपतंय त्यालाच बसवून देतो."

मला वाटलं होतं आता पाने निघतील, गाडी खोलतील. मिस्त्रींनी गाडीकडे पाहिलंही नाही. चिमटा उचलून ते शेजारच्या लेथवाल्याकडे गेले. तिथे सरफेस प्लेट आहे, घासून आरशासारखी सपाट केलेली बिडाची जाड फळी. तिच्यावर दोन ठोकळ्यांत चिमट्याची पुढची नळी बसवली, मागे एक्सलच्या जागी सरळ सळई ओवली आणि सळईची दोन्ही टोकं प्लेटपासून किती उंच आहेत ते मोजलं. सारखी निघाली. म्हणजे चिमट्याला पीळ नव्हता. "पीळ असता तर?" मी विचारलं. "भंगारात. लोखंड ऐकतंय, सरळ करता येतंय. हे ऐकत नाही. वरनं सरळ दिसतंय, आत चीर पडती."

मग तो ओरखडा. उद्यमनगरात ओतकामाचे कारखाने आहेत, म्हणून कास्टिंगमधली चीर शोधायचा लाल रंग इथे सहज मिळतो. मिस्त्रींनी थिनरने जागा पुसली, लाल रंग फवारला आणि थांबले. दहा मिनिटं. फडक्याने रंग पुसून वर पांढरी पावडर फवारली. चीर असेल तर तिच्यात शिरलेला रंग पावडर वर ओढून घेते आणि पांढऱ्यावर धारदार लाल रेघ उमटते. पुन्हा थांबणं. शेजारी लेथ चालू होता, रेडिओ चालू होता. आम्ही तिघं त्या पांढऱ्या पट्ट्यावर वाकून उभे. पोराने श्वास रोखला होता. खोटं का सांगू, मीही. ओरखडा हळूहळू फिकट गुलाबी झाला, सगळीकडे सारखा, पुसट. रेघ उमटली नाही. मिस्त्रींनी तरीही बॅटरी लावून तिरक्या उजेडात पाहिलं, मग मान हलवली.

त्या दिवसातलं बाकी किती विसरले, पण ती पांढरी पावडर डोळ्यांपुढून जात नाही.

जुना चिमटा निघायला दुपार झाली. मधला बोल्ट गंजून बसला होता, त्याला डिझेल पाजून पितळी दांडीने ठोकत काढावा लागला. दोन्ही चिमटे शेजारी ठेवले तेव्हा फरक कळला. लोखंडी किरकोळ अंगाचा, ॲल्युमिनियमचा चांगला जाडजूड. ॲल्युमिनियमचं वजन लोखंडाच्या साधारण एक तृतीयांश, पण ताठपणाही एक तृतीयांशच. तो अंगाची जाडी वाढवून भरून काढावा लागतो. दिसायला दणकट म्हणून पोरं भुलतात. ती जाडी दिखाव्याची नाही, धातूची गरज आहे.

बुश आणि बेअरिंग नवीन. चाक, लिंक, ब्रेकचा ब्रॅकेट, सगळं चिमट्याच्याच गाडीचं. मिस्त्री सुटा चिमटा बसवतच नाहीत. चिमटा बसल्यावर त्यांनी पोराला चाक दोन्ही हातांनी धरून डावी-उजवीकडे हलवायला लावलं आणि स्वतः नळीच्या सांध्यावर अंगठा ठेवून डोळे मिटले. खेळ आहे का, ते अंगठ्याला आधी कळतं म्हणाले.

चेनचा हिशेब मला फार आवडला. चिमटा ५५ ने लांब, पण चेन वरूनही जाते आणि खालूनही, म्हणजे ११० मिलिमीटर जास्त लागणार. एक कडी अर्ध्या इंचाची. आठ कड्या होऊन वर थोडं उरतं, आणि चेन जोडीनेच वाढते. मापाची नवी चेन आली. ती ताणताना मिस्त्रींनी शॉकअप सोडवला आणि चाक खालून हळूहळू वर उचललं. पुढचं स्प्रॉकेट, चिमट्याचा बोल्ट आणि मागचा एक्सल एका ओळीत आले की चेन सगळ्यात घट्ट होते. ढील त्या जागी बघायची. स्टँडवर उभ्या गाडीची ढील बघून चेन ताणली, तर माणूस बसून खड्ड्यात गेल्यावर ती बेअरिंग खाते.

शेवटी दोरी. गवंडी वापरतात तसली. मागच्या टायरला दोन्ही बाजूंनी टेकवून पुढे नेली. मागचा टायर १३०चा, पुढचा ८०चा, त्यामुळे पुढे दोन्हीकडे फट राहते, ती सारखी हवी. डावीकडे दोन मिलिमीटर कमी. मिस्त्री मागे गेले, ॲडजस्टर पाव फेरा फिरवला, पुढे आले, गुडघ्यावर बसले. असं पाच वेळा. पाचव्यांदा उठताना त्यांनी गुडघा धरला.

कायद्याचं मी विचारलं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ त्यांना माहीत होतं. कंपनीच्या मूळ रचनेत फरक पडेल असा बदल करता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये सांगितलं आहे. येणाऱ्या प्रत्येकाला ते हे बोलून दाखवतात. पोरं हो म्हणतात आणि काम करूनच जातात. चिमटा कापून, वेल्डिंग मारून लांब करणारे मी नंतर पाहिले, आणि त्यांच्यासाठी कायदा हवाच असं मला मनापासून वाटतं. पण सरफेस प्लेट, लाल रंग आणि पाच वेळा दोरी लावणारं काम तपासून पास-नापास करायची सोय कुठेतरी असायला हवी. आज दोघं एकाच ओळीत उभे आहेत, आणि हे मला बरोबर वाटत नाही.

पोरगा चक्कर मारून आला. तोंड थोडं उतरलेलं. "मिस्त्री, सरळ लई भारी पळतीया. पण वळायला वेळ लावतीया."

"५५ मिलिमीटर," मिस्त्री म्हणाले. "पंधरा दिवस घाटात जायचं नाही. आधी गावात शिक."

मग त्यांनी जुना लोखंडी चिमटा रॉकेलने पुसला, तेलाचा हात फिरवला, पोत्यात गुंडाळला. परत बसवावासा वाटला तर घरात असू दे, भंगारात घालू नकोस, असं दोनदा बजावलं. पोराने तो मागच्या सीटवर आडवा टाकला आणि ट्यूबच्या रबराने आवळून बांधला. मी रिक्षाने मागे होते. दसरा चौकातल्या वळणावर त्याने वेग आधीच कमी केला आणि गाडी रुंद वळसा घेऊन निघाली.